सुळक्याच्या वाटेत घरटं दिसलं. वनखात्याला सांगावं की गप्प बसावं?

कातळपाल
१२ डिसेंबर, रात्री १०:४०

मंडळी, चार दिवस डोक्यात एकच विषय घोळतोय, म्हणून इथे विचारतो.

आम्ही सहा जण एका कड्यावर नवी वाट उघडत होतो. कडा अभयारण्याच्या हद्दीत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, तेव्हा कृपया विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या स्टेशनवर (कड्यावर दोर बांधून थांबायची जागा) बसून बिले देत होतो, म्हणजे वर चढणाऱ्याचा दोर सांभाळत होतो. उन्हं नुकतीच कातळावर आली होती. डाव्या हाताला एका कपारीखाली पांढरे ओघळ दिसले, चुन्याची बादली वरून कलंडावी तसे. आधी वाटलं, पारव्यांचं काम. मग कपारीतून एक मान वर आली. उघडी, काळपट, सावकाश वळणारी. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. मधलं अंतर फार तर वीस मीटर. गिधाड होतं. पक्षी काटक्या-पाल्याच्या ढिगावर बसलेला. उठला नाही. वर आमचा गडी दोर अडकवायच्या बोल्टसाठी भोक पाडत होता. हातोड्याच्या ठोक्यागणिक ती मान आत जायची आणि पुन्हा बाहेर यायची.

मी वर ओरडून काम थांबवलं आणि सगळे उतरलो. दोन बोल्ट कातळातच राहिलेत.

आता ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, वनखात्याला कळवा. दुसरा म्हणतो, कळवलंत की अख्खा कडा कायमचा बंद. परवानगी म्हणाल तर नाक्यावर प्रवेशाची पावती फाडली होती. चढाईबद्दल त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?

झेंडूची_फुलं
गिधाडाला विचारा. जागेचा मूळ मालक तोच दिसतोय.

सुळकेबाज
अजिबात कळवू नका. अनुभवाने सांगतो. मागे एका किल्ल्यावर आग्या मोहोळ उठलं, पाच-सहा जणांना डंख झाले. चूक कुणाची? अत्तर फासून आलेल्या आणि वर शेकोटी पेटवणाऱ्या टोळक्याची. बंदी कुणावर? सगळ्यांवर. 'प्रवेश निषिद्ध'चा बोर्ड लागला तो लागलाच. लोखंड गंजलं तरी कुणी काढला नाही. बंद करायला एक सही पुरते, उघडायची म्हटली की फाइल पुण्याला जाते, नागपूरला जाते, मग कुठे जाते ते देवाला ठाऊक.

वाट बदला, तो कडा सोडा आणि गप्प बसा. पक्षीही सुखी, तुम्हीही सुखी.

रानपाखरू
कातळपालदादा, खाली उतरलात याबद्दल आधी आभार.

वर्णनावरून लांब चोचीचं गिधाड वाटतंय. कड्यावर घरटी करतं ते हेच. पांढऱ्या पाठीचं झाडावर करतं. सह्याद्रीत यांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो. अंडं वर्षाला एकच. उबवायला पन्नासेक दिवस, त्यानंतर पिल्लू उडायला तीन महिने, कधी जास्तही. म्हणजे एप्रिल-मे उजाडतो. आता तुमच्या चढाईचा हंगाम काढा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोघांना एकच कडा एकाच वेळी हवाय, खरी अडचण ही आहे.

पक्षी उठला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, असं समजू नका. अंड्यावर बसलेला पक्षी शेवटपर्यंत उठत नाही. उठला आणि अंडं उन्हात उघडं पडलं, तर त्या जोडीचं ते वर्ष गेलं. या जातीची संख्या नव्वदच्या दशकापासून पंधरा वर्षांत साधारण ९७ टक्क्यांनी घटली. गुरांना सर्रास द्यायचे त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे; मेलेल्या गुरांतून ते गिधाडांच्या पोटात जायचं. जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली, तोवर माळ ओस पडले होते.

आणि हात जोडून विनंती, ड्रोन नेऊ नका. 'फक्त एकदा लांबून बघतो' म्हणतात आणि पक्षी त्याच्यावर झेप घेतो.

कॅमेरेवाला
लोकेशन व्यनि (खाजगी निरोप) करता का प्लीज? ६०० एमएमची लेन्स आहे, लांबूनच काढेन.

कातळपाल
नाही.

झेंडूची_फुलं
धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. लांबी: एक शब्द.

जुना_दोर
वय झालंय, त्यामुळे थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

आम्ही ऐंशीच्या दशकात चढायचो तेव्हा परवानगी हा शब्दच कानावर नव्हता. मेखा गावच्या लोहाराकडून ठोकून घ्यायचो, हार्नेस म्हणजे कमरेला दोराचे चार वेढे. आणि गिधाडं! कड्याच्या मध्यावर दम खायला टेकलं की ती पायाखालून घिरट्या घालायची. वरून त्यांची पाठ दिसायची. पंखांच्या टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी फाकलेली असायची आणि वाऱ्याचा सूंऽऽ असा आवाज यायचा. आम्ही बघायचो आणि दोर ओढायला लागायचो. मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही. आहेतच, असं वाटायचं. आज कुणी विचारलं की तेव्हा त्या कड्यावर किती होती, तर माझ्याकडे उत्तर नाही. चढाईच्या वहीत प्रत्येक मेखेची नोंद आहे, गिधाडाची एक नाही.

सुळकेबाजराव, तुमचा वैताग समजतो. पण गप्प बसून आमची पिढी काय कमावून गेली ते वर लिहिलंय.

वाडीचा_पोर
मी त्याच भागातला नसलो तरी अशाच कड्याखालच्या वाडीतला हाय. रविवारी ट्रेकला लोकांना वाट दाखवतो.

आजा सांगायचा, ढोर मेलं की माळावर ओढून टाकायचं, दुसऱ्या दिशी फक्त हाडं. आता कोण टाकत नाय. ढोर आजारी पडलं की आधीच इकून मोकळे होत्यात, नायतर पुरत्यात. गिधाडानं खायाचं काय?

अभयारण्य झालं तवा आमाला कुणी इचारलं नाय. लाकूड बंद, शिकार बंद, ठीक हाय. पण पुण्या-मुंबईचा ग्रुप येतो, लीडर त्यांचा, जेवणाचे डबे त्यांचे, तंबू त्यांचे. आमच्या वाडीत काय ठेवून जातो? तर रिकाम्या बाटल्या. तुमी सायेबाला सांगा नायतर नका सांगू, पण आदी वाडीत इचारा. त्या कपारीत पक्षी बसतो हे कुणाला तरी धा वर्षांपासून ठावं आसंल. गुराख्याला सगळं ठावं आसतं.

सौ_भटके
वाडीचा पोर, अगदी खरं. आम्ही दर वेळी गावातच जेवतो आणि गावातलाच वाटाड्या घेतो. पिठलं-भाकरी, ठेचा आणि वर हिशोब आपल्यापेक्षा चोख.

अवांतर: वासोट्याला गेलो होतो. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडलं की वनखात्याची चौकी लागते. तिथे सॅक उघडून प्लास्टिकची एकेक वस्तू मोजली आणि अनामत घेतली. येताना तेवढ्याच वस्तू दाखवल्यावर पैसे परत. माझ्या नवऱ्याने एक चॉकलेटचा कागद हरवला आणि अर्धा तास सगळे खिसे उलटेपालटे करत बसला. वर मुक्कामाला बंदी. तेव्हा चिडले होते. पण गडावर कचरा दिसला नाही, हेही खरं.

घाटवाटसरू
वासोट्याचं चांगलं उदाहरण दिलंत. आता कासच्या फुलांच्या पठाराचं घ्या. आधी कुंपण घातलं, गुरं बंद झाली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली, मग कुंपण काढलं. म्हणजे ज्या गुरांना शत्रू समजून बाहेर काढलं, तीच पठाराच्या कामाची निघाली. बंदी घालणाऱ्याला तरी कुठे सगळं कळतं?

काजव्यांचंही तेच. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे रात्री गाड्यांच्या रांगा लागतात, हेडलाइट सुरू, वर स्पीकर. काजवे उजेडाने एकमेकांना खुणावतात, त्यात यांचे लाइट. आणि हे सगळे कुठे फोटो टाकतात? आमच्यासारख्या 'ट्रेकर्स'च्या ग्रुपवर. दोर लावून कडा चढणारे सहा जण आणि बसने येणारे सहाशे, खात्याच्या दप्तरी दोघांचं नाव 'पर्यटक'. दुखणं हे आहे.

निवृत्त_वनपाल
बराच वेळ वाचतोय. आता लिहितोच. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच वन्यजीव विभागात.

पहिलं कायद्याचं. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या २८व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कशाकशासाठी देता येतो ते लिहिलंय. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि तिथे राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. 'प्रस्तरारोहण' हा शब्द त्यात नाही. त्यामुळे 'पर्यटन' या शब्दाचा अर्थ प्रत्येक अधिकारी आपापल्या धीराप्रमाणे लावतो. २९वं कलम अधिवासाला इजा करण्याबद्दल आहे. कातळात बोल्ट ठोकणं ही इजा की नाही, यावर वाद होईल, पण घरट्यापासून वीस मीटरवर ठोकला तर मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. गिधाड कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण.

दुसरं, अधिकारी 'नाही' का म्हणतो. तुम्ही पडलात तर चौकशी त्याची. तुम्ही नाही पडलात तर त्याला शाबासकी नाही. मग 'हो' म्हणायचं कशासाठी? तुम्ही अर्ज करताना तारीख, सहा जणांची नावं, विमा, सोबत गावचा माणूस आणि 'या काळात या बाजूला जाणार नाही' हे स्वतःहून लिहून दिलंत, तर त्याला निदान फाइलवर काही लिहिता येतं. तरी 'नाही' म्हणेल, शक्यता आहे. खोटी आशा दाखवत नाही.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. ज्या घरट्याची नोंद नाही, ते कागदावर नसतंच. उद्या त्या कड्याच्या पायथ्याने रस्ता काढायचं कुणाच्या मनात आलं, तर 'इथे गिधाडं वीण करतात' हे सांगणारा कागद कुणाकडे असेल? तुम्ही गप्प बसलात तर कुणाकडेच नसेल. रस्ता झाला की तुमची चढाईही गेली.

माझा वनरक्षक कड्याखालून फिरायचा. खालून कपार दिसत नाही. दोरावर लटकणाऱ्यालाच ती दिसते. वणव्याच्या दिवसांत जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) काढायला आणि बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसायला ट्रेकर पोरं आनंदाने यायची, रात्रभर डास मारत एका भेकराची नोंद करून खूश होऊन जायची. त्यांना कड्यावरचे पक्षी मोजा असं आम्ही कधी म्हटलं नाही. ती चूक आमची.

सुळकेबाज
वनपालसाहेब, प्रतिसाद आवडला. रस्त्याचा मुद्दा डोक्यात आला नव्हता, मान्य.

पण एक विचारतो. मोजणीला आम्ही चालतो, वणवा विझवायला चालतो, दरीत कुणी पडलं की रात्री दोनला फोन येतो, तेव्हाही आमचीच पोरं दोर घेऊन धावतात. आणि चढाईचा अर्ज घेऊन गेलो की बाहेरच्या बाकावर. सहकार्य म्हणजे आम्ही राबायचं आणि त्यांनी ठरवायचं, असंच असणार असेल तर मला त्यात रस नाही.

निवृत्त_वनपाल
बाकावर मीही बसवलंय लोकांना. तुमचं म्हणणं चूक नाही.

शेफिल्डकर
नमस्कार. मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त इंग्लंडात शेफिल्डला. इथून पंधरा-वीस मिनिटांवर पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान सुरू होतं आणि त्यात स्टॅनेज नावाची कातळाची लांबच लांब धार आहे. जगभरचे चढणारे येतात.

तिथे रिंग ऊझल म्हणून एक पक्षी कातळाच्या फटीत घरटं करतो. आपल्या कस्तुरासारखा, गळ्याखाली पांढरी चंद्रकोर. वसंतात घरटं सापडलं की तेवढ्या पाच-दहा वाटांच्या पायथ्याशी छोटी पाटी लागते: इथे घरटं आहे, अमुक तारखेपर्यंत चढू नका. बाकीची धार उघडी. घरटी शोधणाऱ्यांत चढणारे स्वयंसेवकही असतात. ब्रिटिश गिर्यारोहण परिषद कुठल्या वाटा कधी बंद हे आपल्या यादीत टाकते. पिल्लं उडाली की पाटी निघते. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाटी निघते हे माहीत असल्यामुळे लोक ती पाळतात.

सुळकेबाज
तो इंग्लंड आहे हो.

शेफिल्डकर
मान्य. पण इथेही हे आपोआप झालं नाही. याच भागात किंडर स्काउट नावाचा डोंगर आहे. जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवला होता. १९३२ साली शेकडो कामगार पोरं बंदी मोडून त्यावर चढली, पाच जणांना तुरुंगात टाकलं. १९५१ मध्ये हाच टापू देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. आधी भांडण, मग समिती, मग पाटी, असा क्रम आहे.

झेंडूची_फुलं
आपल्याकडे क्रम: आधी पाटी, मग पाटीवर बदाम काढून पिंकी-राहुल, मग भांडण.

जुना_दोर
जर्मनीत सॅक्सनीच्या वालुकाश्मावर धातूची चोक-नट (फटीत अडकवायचे तुकडे) चालत नाहीत, पकडीसाठी हाताला खडूसुद्धा लावता येत नाही. दोराच्या गाठी फटीत अडकवून चढतात. नियम चढणाऱ्यांच्या परंपरेतूनच आलेत. आपण आपल्यापुरता 'घरटं दिसलं तर त्या बाजूला बोल्ट नाही' एवढा एक नियम तरी करायला काय हरकत आहे? त्याला कुणाची सही लागत नाही.

घाटवाटसरू
+१. गिर्यारोहण महासंघाच्या पातळीवर मांडायला हवं. बचावकार्यासाठी राज्यभर एकत्र येता येतं, तर घरट्यांच्या यादीसाठीही येता येईल. फक्त ती यादी जाहीर नको. वर एक लेन्सवाले गृहस्थ टपून बसलेत.

कॅमेरेवाला
अहो मी एकदाच विचारलं.

कातळपाल
९ जानेवारी

सर्वांचे आभार. काय झालं ते लिहितो.

आधी वाडीत गेलो. वाडीच्या पोरा, तुझा अंदाज बरोबर. एका आजींनी चुलीपुढून न उठता सांगितलं, "ती का, वरच्या दारात बसते ती? दरसाल असते." तिथले लोक त्या कपारीला 'दार' म्हणतात. पूर्वी पाच दारं भरायची म्हणे.

मग रानपाखरूताईंना घेऊन वनखात्याच्या रेंज ऑफिसला. साहेबांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: "तुम्ही वर कशाला गेला होतात?" खरं ते सांगितलं, बोल्टसकट. बराच वेळ कुणी बोललं नाही. पंखा बंद होता, तरी मी वर बघत होतो. मग चहा आला. मग दुसरा प्रश्न आला: "नकाशावर दाखवा." तिथे काहीतरी सुटलं असं वाटलं.

पुढच्या रविवारी तिथले वनरक्षक, वाडीतले दोघे आणि आम्ही चौघे समोरच्या सोंडेवर जाऊन बसलो. ताईंनी स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची दुर्बीण) लावला. चार जागी ओघळ, त्यांतल्या दोन जागी पक्षी बसलेले. वनरक्षक तीन वर्षं त्या बीटात (गस्तीच्या हद्दीत) आहेत. गिधाडं उडताना रोज बघतात, ती बसतात कुठे ते पहिल्यांदाच पाहिलं. स्कोपला डोळा लावून ते इतका वेळ वाकून राहिले की मागे रांग लागली.

ठरलं ते असं, आणि सगळं तोंडी आहे. मेअखेरपर्यंत त्या अंगाला कुणीही चढायचं नाही. दर पंधरवड्याला सोंडेवरून मोजणी, वही वनरक्षकांकडे. दुसऱ्या अंगाने चढाईचा अर्ज दिलाय, तो 'वर' गेलाय.

राहिले दोन बोल्ट. काढायचे तर पुन्हा घरट्याशेजारी जावं लागणार. म्हणजे जूनआधी नाही, नंतर पाऊस. ऑक्टोबरपर्यंत ते तिथेच गंजत बसणार. रोज डोळ्यांसमोर येतात.

सुळकेबाज
अर्ज 'वर' गेलाय म्हणजे गिधाडापेक्षाही वर. तिथे कुणाची कपार आहे ते बघून ठेवा.

(मोजणीला माणूस कमी पडला तर सांगा. पर्यटक म्हणून येईन.)

कातळपाल
२७ एप्रिल

धागा वर काढतोय. एका दारातलं पिल्लू मार्चमध्ये दिसेनासं झालं. कारण कळलं नाही. दुसऱ्यातलं आता आईबापाएवढं दिसतं. काल दुपारी कपारीच्या काठावर येऊन पंख उघडून उभं होतं, वारा आला की दोन पावलं मागे सरायचं. सुळकेबाज स्कोपवर होते. दीड तास कुणाला जागा दिली नाही.

अर्जाचं उत्तर आलेलं नाही. आठवण करून द्यायला दोनदा गेलो. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा वणव्यावर. दुसऱ्या वेळी आम्हीही त्यांच्यामागून वणव्यावरच गेलो, कारण धूर आमच्याच सोंडेवरून दिसत होता.

रानपाखरू
या आठवड्यात उडेल बहुतेक. रविवारी कोण कोण येतंय? मला स्कोप आणि तिपाई दोन्ही वर न्यायला एक जण हवा.

जुना_दोर
मी येतो, पण मलाच वर न्यायला एक जण लागेल.

वाडीचा_पोर
बाबा, तुमी या. मी हाय. भाकरी किती सांगू?